ताऱ्याची नाडी

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेंत दोन वेळां मोजलेला आंकडा जुळला नाहीं, कीं तो खोडून टाकण्याची आपणांस घाई होते. अशाच न जुळणाऱ्या आंकड्यांतून एका ताऱ्याचें केवढें ज्ञान हातीं आलें, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आकाशांतून येणारे क्ष-किरण पृथ्वीचें वातावरण शोषून घेतें; म्हणून त्यांचा वेध घेणारें यंत्र वातावरणाच्या वर न्यावें लागतें. १२ डिसेंबर १९७० रोजीं, केनिया देशाच्या स्वातंत्र्यदिनीं, तेथील किनाऱ्यानजीकच्या समुद्रांतील तळावरून असा एक अमेरिकन उपग्रह सोडण्यांत आला. त्यास ‘उहुरू’ हें नांव मिळालें; स्वाहिली भाषेंत याचा अर्थ स्वातंत्र्य. नरतुरंग तारकासमूहांतील ‘सेंटॉरस एक्स-३’ येथून येणारे क्ष-किरण सुमारें ४.८ सेकंदांच्या अंतरानें, नाडीच्या ठोक्यांप्रमाणें, कमीअधिक होतात असें त्यावरील यंत्रांस आढळलें.

परंतु दोन ठोक्यांमधील काळ नेहमीं सारखा भरेना. कधीं तो सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांनीं कमी, तर कधीं तितकाच अधिक. शिवाय दर २.१ दिवसांनीं सुमारें अर्धा दिवस किरण जवळजवळ नाहींसेच होत. यंत्राचा दोष म्हणावा, तर दोषास इतका नेम कोठून?

असें समजा, कीं परगांवीं गेलेला मुलगा रोज एक पत्र टाकतो. तो घराकडे येत असेल, तर प्रत्येक पत्रास आदल्या पत्राहून कमी वाट चालावी लागते व पत्रें एका दिवसाहून कमी अंतरानें हातीं पडतात. दूर जात असेल, तर अधिक अंतरानें. ठोक्यांचेंही तसेंच होतें. तो तारा दुसऱ्या ताऱ्याभोंवतीं फिरतांना कधीं आपल्याकडे येतो, कधीं दूर जातो. आणि त्याच्या आड गेला, कीं किरण झांकले जातात. हा उलगडा १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. जो फरक दोष वाटावा, त्यावरूनच ताऱ्याचा वेग निघाला: सेकंदास सुमारें ४१५ किलोमीटर!

मग हे ठोके तरी कशाचे? या जोडींतील मोठा तारा सूर्याच्या सुमारें २० पट वस्तुमानाचा आहे. दुसरा न्यूट्रॉन तारा. त्याचा व्यास अवघा २० किलोमीटरांच्या आसपास, पण वस्तुमान सूर्याएवढें किंवा त्याहूनही किंचित् अधिक. मोठ्या ताऱ्याचा वायु त्याच्या प्रबळ ओढीनें त्याच्या चुंबकीय ध्रुवांवर कोसळतो, कोट्यवधि अंश तापतो व क्ष-किरण फेंकतो. तारा स्वतःभोंवतीं फिरतांना दीपगृहाच्या झोताप्रमाणें ते आपल्यावरून जातात. वायूचा ओघ कमीजास्त झाला, कीं तेजही बदलतें.

अशा जलद बदलांचा वेध घेणारें एक यंत्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत तयार होऊन, २८ सप्टेंबर २०१५ रोजीं ‘अॅस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावरून आकाशांत गेलें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाच्या वहींत न जुळणारा आंकडा दिसल्यास रागें न भरतां त्यास पुन्हां मोजावयास सांगावें. बहुधा चूक त्याचीच असेल. परंतु वारंवार मोजूनही आंकडा तोच आला, तर केवळ पुस्तकाशीं जुळावा म्हणून त्यास तो बदलूं देऊं नये.