पाइपचं दुकान टाकताय? आधी प्लास्टिक ओळखायला शिका

व्हिडिओत आपण पाइपचे तुकडे हातात घेऊन पाहिले. तीच माहिती इथे वहीत उतरवून घ्या.

गिऱ्हाईक येतं आणि नुसतं म्हणतं, "एक इंची पाइप द्या." कोणतं प्लास्टिक द्यायचं, हे तुम्हाला ठरवायचं असतं. चुकीचा पाइप भिंतीत गेला, तर फरशी फोडायचा खर्च पाइपच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त, आणि नाव तुमचं खराब. म्हणून आधी तीन प्रश्न विचारा: पाणी गरम की थंड? पाइप उन्हात राहणार की जमिनीत? दाब किती?

१. यूपीव्हीसी: कडक, स्वस्त, सोल्युशनने जोडता येतो. फक्त थंड पाण्यासाठी. गरम पाण्याने मऊ पडतो, म्हणून गिझरला देऊ नका. उघड्या उन्हात वर्षानुवर्षं राहिला की ठिसूळ होतो. गाडायला सांगा.

२. सीपीव्हीसी: हाही पीव्हीसीच, पण क्लोरीनचं प्रमाण वाढवलेला. गिझरचं गरम पाणी झेलतो. याचं सोल्युशन वेगळं असतं, ते सोबतच द्या.

३. एचडीपीई: वाकतो, गुंडाळी करून नेता येतो. काळा रंग कार्बन ब्लॅकचा, तोच उन्हापासून वाचवतो. याला सोल्युशन चिकटत नाही. तापवून किंवा कॉम्प्रेशन फिटिंगने जोडतात.

४. एलएलडीपीई: ठिबकच्या लवचिक नळ्या, १२, १६, २० मिमी.

५. मऊ पीव्हीसी: बागेची नळी. मऊपणा प्लास्टिसायझरमुळे येतो. तो निघून गेला की नळी कडक होऊन तडकते. दूध किंवा रसासाठी ही देऊ नका, 'फूड ग्रेड' छापलेलीच द्या.

दाबाचं गणित: १० मीटर उंच पाणी म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो दाब. विहिरीपासून टाकीपर्यंत ४० मीटर चढ असेल, तर ४ किलो तिथेच झाले. मोटार बंद होताना पाण्याचा दणका बसतो, तो वेगळा. अशा ठिकाणी ४ केजीचा पाइप विकून दोन पैसे वाचवू नका, ६ केजीचा द्या.

माल घेताना: पाइपचा छोटा काप बादलीत टाका, हवा अडकू देऊ नका. पीव्हीसी आणि सीपीव्हीसी बुडतात, एचडीपीई तरंगतो. 'एचडीपीई' म्हणून दिलेला काप बुडाला, तर त्यात भुकटी मिसळल्याची शंका घ्या. जाळून बघू नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतो. छापही वाचा: यूपीव्हीसीवर आयएस ४९८५, एचडीपीईवर ४९८४, सीपीव्हीसीवर १५७७८.

आजचा गृहपाठ: घरातल्या पाच पाइपवरची छाप वाचा आणि प्रत्येकाचं काम वहीत लिहा. पाइप ओळखणाऱ्या दुकानदाराकडे प्लंबर स्वतःहून परत येतो!