दोन केंद्रांचा हिशेब

काही आधुनिक कचेऱ्यांत कारकुनापुढे असतो तो केवळ पडदा व कळफलक. त्याचा खरा संगणक दूरच्या डेटा सेंटरमध्ये चालतो. यालाच व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. पण ते केंद्रच बंद पडले तर? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक केंद्र आगीत भस्मसात झाले. दूर प्रत न ठेवलेल्या काही ग्राहकांची माहिती कायमची गेली.

म्हणून दुसरे केंद्र दूर हवे. प्रथम दोन प्रश्न सोडवावेत : काम किती वेळात पुन्हा सुरू व्हावे, आणि किती मिनिटांच्या नोंदी गमावणे परवडेल? सर्वांना समान असा डेस्कटॉपचा साचा तेथे आधीच ठेवता येतो. प्रत्येकाच्या फायली मात्र सतत उतरवून घ्याव्या लागतात.

आता हिशेब पाहा. सारख्या क्षमतेच्या दोन्ही केंद्रांवर ६० टक्के भार असेल, तर एक बंद पडताच दुसऱ्यावर १२० टक्के येईल! तेव्हा भार ५० टक्क्यांच्या आत हवा, अथवा कोणाचे काम आधी सुरू करायचे ते ठरलेले हवे.

शिवाय चुकून पुसलेली नोंद दुसरीकडेही पुसली जाते. जुन्या प्रती निराळ्या ठेवाव्यात. तेरीज जुळल्याविना आपण खतावणी पुरी मानीत नाही. तालीम झाल्याविना ही योजनाही पुरी मानू नये.