वाळूतले खोदकाम

इजिप्त देशात नाईल नदीच्या काठाने हिरवी शेते आहेत. थोडे पुढे गेले की नुसती वाळू. पाऊस जवळजवळ नाहीच. म्हणून हजारो वर्षांपूर्वीचे कापड आणि टोपल्यासुद्धा त्या वाळूत न कुजता राहिल्या.

अशा जुन्या वस्तू शोधण्यासाठी पेट्री नावाचे एक इंग्रज विद्वान तेथे गेले. १८९३ साली त्यांनी कुफ्त या गावी खोदकाम काढले. मजूर तिथलेच, गावकरी. उन्हाळ्यात अंग भाजते, म्हणून काम हिवाळ्यात. उजाडले की सुरू. मोठ्यांनी जपून माती ओढायची, पोरांनी टोपल्या वाहायच्या. वारा सुटला की डोळ्यांत, तोंडात वाळू!

काही लागले की हात थांबवायचा. वस्तू उचलायची नाही, बरं का! आपल्या उकिरड्यात तळाचा केर जुना, वरचा नवा. येथेही तसेच. वस्तू जागची हलली, तर तिचे वय कसे कळणार?

पण मजुराला मोह होई. गुपचूप व्यापाऱ्याला विकली तर पैसे मिळत. पेट्रींनी काय केले? बाजारात जी किंमत येईल, तेवढे बक्षीस ते मजुरालाच देऊ लागले. मग लपवायची कशाला?

कुफ्तची माणसे या कामात तयार झाली. पुढे त्यांची मुले, नातवंडे ठिकठिकाणच्या खोदकामावर मुकादम झाली. कच्च्या विटांची भिंत मातीत गाडलेली असते; दोन्हींचा रंग एकच. माती कोठे संपली आणि वीट कोठे लागली, हे त्यांच्या हाताला कळे. मी मॅट्रिक झालो, पण मला ती भिंत दिसली नसती.