सायडरला कुजक्या अंड्याचा वास

प्रश्न : इंग्लंडमधल्या हेरफर्डशर परगण्यातून एका वाचकाने विचारले आहे, सायडर करण्यासाठी घरच्या सफरचंदांच्या रसात यीस्ट घातले, दोन-तीन दिवसांतच कुजक्या अंड्यांचा वास सुटला. ओतून द्यावे का?

उत्तर : मुळीच नको! वास हायड्रोजन सल्फाइडचा आहे. सफरचंदाच्या रसात नायट्रोजन मुळातच कमी. खत न मिळालेल्या जुन्या बागांतल्या फळांत तर आणखी कमी. नायट्रोजनावाचून उपाशी राहिलेले यीस्ट हा वायू सोडते. आंबण्याची सुरुवातच असेल, तर यीस्टचे पोषक द्रव्य पाकिटावरच्या मापाने घालावे. उशिरा घातले तर नको त्या जिवाणूंचेच फावते. वास बहुधा बुडबुड्यांबरोबर निघून जातो.

आंबणे मधेच थांबून घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०२०वर अडकला, तर आधी खोलीचे तापमान पाहावे; १५ ते २० अंश सेल्सिअस ठीक.

साखर शिल्लक असताना बाटल्या मात्र भरू नयेत. दाबाने काच फुटते.