विहिरीवरील मोटर आणि तारेची जाडी

पंपाची मोटर जळाली म्हणजे शेतकरी प्रथम मोटरीस दोष देतो, नंतर वीजपुरवठ्यास. परंतु पुष्कळ वेळां दोष विहिरीपर्यंत नेलेल्या बारीक तारेचा असतो. तो कसा, हें समजण्यास विजेचीं तीन मानें ओळखून घेतलीं पाहिजेत.

उंच हौदांतून नळानें पाणी सोडलें असतां उंचीमुळें दाब उत्पन्न होतो, दाबानें प्रवाह चालतो, आणि नळ जितका लांब व अरुंद तितका प्रवाहास अडथळा अधिक. विजेचेंही असेंच आहे. तिचा दाब व्होल्टांत, प्रवाह अँपिअरांत व अडथळा ओहमांत मोजतात. भेद इतकाच कीं, पाणी नळाच्या तोंडांतून शेतांत पडून जातें. वीज मात्र परतीची वाट पूर्ण असेल तरच वाहते. ह्या पूर्ण वाटेस मंडल म्हणतात. बटण बंद करणें म्हणजे ही वाट एके ठिकाणीं तोडणें होय.

जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम ह्यानें १८२७ सालीं ह्या तिहींचा संबंध प्रसिद्ध केला: अँपिअरांस ओहमांनीं गुणिलें म्हणजे व्होल्ट येतात.

आतां एक उदाहरण घेऊं. २३० व्होल्टांवर चालणारी एक लहान मोटर ७ अँपिअर घेते व विहीर वीजपेटीपासून २०० मीटर दूर आहे. जाऊन येऊन तार ४०० मीटर झाली. दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा अडथळा दर किलोमीटरास सुमारें १२ ओहम, म्हणजे येथें ४.८ ओहम. त्यास ७ नें गुणितां सुमारें ३४ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात व मोटरीस १९६ च मिळतात. तार ६ चौरस मिलिमीटरांची, म्हणजे चौपट छेदाची घातल्यास ही तूट अवघी ८ व्होल्टांवर येते.

दाब घटला तरी पाणी उपसण्याचें काम तेंच राहतें, म्हणून मोटर अधिक प्रवाह ओढते. आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. हीच उष्णता मोटरींतील वेढ्यांचें आवरण जाळते. सुरू होतांना तर मोटर नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्या वेळीं तूट फार झाल्यास ती नुसता आवाज करते, फिरत नाहीं. अशा वेळीं बटण तत्काळ बंद करावें. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तार घालूं नये. फ्यूज वितळतो तो मोटर वांचविण्यासाठींच.

तार घेण्यापूर्वीं अंतर मोजावें, मोटरीच्या पाटीवरील अँपिअर पाहावे, वरीलप्रमाणें हिशेब करावा व जोडणी परवाना असलेल्या तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी. तारेंत वांचविलेले रुपये ऐन चैत्रांत मोटर जळाल्यावर वाळणाऱ्या उसाच्या रूपानें भरावे लागतात.