लेथची मोटर बदलताना

बालाघाट

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

हौसेच्या लेथवरील जुनी मोटर काढून तीन-फेज मोटर आणि ड्राइव्ह, म्हणजे घरच्या 230 व्होल्टच्या एक-फेज पुरवठ्यातून हव्या त्या वारंवारितेचा तीन-फेज पुरवठा तयार करणारे उपकरण, बसवण्याचा चिरंजीवाचा बेत चांगला असला, तरी खरेदीपूर्वी मोटरवरील पट्टी नीट वाचली जावी. ड्राइव्हमधून फेज तीन मिळाले तरी व्होल्टेज 230 च्या आसपासच राहते, आणि बाजारातील लहान मोटर बहुधा 415 व्होल्टसाठी स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही वायंडिंगचे एकेक टोक एकत्र बांधून, जोडलेली असते. सहाही टोके बाहेर असल्यास ती डेल्टात, एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाला, जोडावी, आणि तीनच असल्यास आतली गाठ सोडवण्याचे काम वायंडिंगवाल्याकडे द्यावे.

खरा धोका जुन्या सवयीत आहे. लेथचा उलट-सुलट फिरवण्याचा स्विच ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये ठेवू नये, कारण चालू असताना ती वाट तुटली तर ड्राइव्हमधील इलेक्ट्रॉनिक स्विच जळू शकतात. चालू, बंद, दिशा आणि वेग या आज्ञा कमी व्होल्टेजच्या कंट्रोल टर्मिनलवरच द्याव्यात. बंद करण्याचे बटन असे घ्यावे की ज्याचा संपर्क एरवी जोडलेला असतो आणि दाबल्यावर तुटतो, म्हणजे तार निखळली तरी लेथ थांबतो. चालू करण्याचे बटन हात काढताच परत येणारे असावे, नाहीतर गेलेली वीज परत येताच चक आपोआप फिरू लागेल, आणि तेव्हा हात नेमका कोठे असेल हे सांगता येत नाही. चक स्पिंडलवर आट्यांनी बसवलेला असल्यास जोराचा ब्रेक किंवा एकदम उलटी दिशा देऊ नये; तो सुटून येतो.

लेथ, मोटर आणि ड्राइव्ह यांचे अर्थिंग एकाच पट्टीवर आणावे. न्यूट्रललाच अर्थ मानण्याची घरगुती युक्ती येथे अजिबात चालवू नये. पुरवठा तोडल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट काही मिनिटे टिकून राहतात, म्हणून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून आणि मीटरने तपासूनच झाकण उघडावे. ड्राइव्ह बंद पेटीत ठेवावा, कारण लोखंडी कीस वीज वाहून नेतो. मात्र बालाघाटचा मे महिना 40 अंश ओलांडतो आणि बहुतेक ड्राइव्हची क्षमता तेवढ्याच तापमानापर्यंत सांगितलेली असते, तेव्हा पेटी ऐसपैस आणि ड्राइव्ह एक माप मोठा घ्यावा.

पट्टा आणि पुल्या मात्र काढू नयेत. 25 हर्ट्झवर मोटरची शक्ती निम्मी होते, तिचा पंखाही मंदावतो, त्यामुळे जाड काप पुली बदलूनच घ्यावा.

कळावे, हे आशीर्वाद.

मामा