ड्रोन उडवायला शिकूया : आधी तोंड कुठं ते ओळखा



'नमो ड्रोन दीदी' योजनेबद्दल बैठकीत बोलणं झालंच आहे. निवडलेल्या गटाला ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान मिळतं. बाकीची रक्कम गटाची, म्हणजे बहुतेक कर्जाची. प्रशिक्षण १५ दिवसांचं असतं. पायलटच्या प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५ आणि दहावी पास लागते. पण यंत्र एकीलाच कळलं आणि ती आजारी पडली किंवा माहेरी गेली, तर रिमोट कोणाच्या हातात जाणार? घरातल्या पुरुषाच्या. नाव गटाचं, काम दुसऱ्याचं! म्हणून उडवणारी एक असली तरी समजायला सगळ्यांना हवं.

दोन स्टिक, चार कामं

रिमोटवर दोन स्टिक असतात. आपल्याकडे बहुतेक रिमोटची रचना अशी असते:

- डावी स्टिक वर-खाली : ड्रोन वर जातो, खाली येतो.
- डावी स्टिक आडवी : ड्रोन जागेवरच वळतो.
- उजवी स्टिक वर-खाली : पुढे जातो, मागे येतो.
- उजवी स्टिक आडवी : न वळता बाजूला सरकतो.

चूक कुठं होते?

ड्रोनची शेपटी आपल्याकडे असते तोवर सोपं असतं. आपली उजवी तीच त्याची उजवी. पण त्यानं आपल्याकडे तोंड केलं की उलटं होतं. स्टिक उजवीकडे दाबली तर तो आपल्या डावीकडे जातो. नवशिकी इथंच घाबरते, आणखी जोरात दाबते आणि ड्रोन झाडावर जातो.

याचा सराव यंत्राशिवाय होतो. एकीनं ड्रोन व्हायचं, दुसरीनं पायलट. 'ड्रोन' ताईनं आधी पाठ करून उभं राहायचं. पायलटनं 'पुढे', 'उजवी सरक', 'डावी वळ' एवढंच बोलायचं आणि तिला ठरलेल्या खुणेपर्यंत न्यायचं. मग तोंड करून तेच. हसू येईल, पण हात तयार होतो.

खेळण्यातलं हेलिकॉप्टर

जत्रेत मिळणारं रिमोटचं छोटं हेलिकॉप्टर सरावाला चांगलं. त्यात कुठली स्टिक काय करते ते आधी बघून घ्या. वळायची स्टिक उजवीकडे असू शकते. वारा नसलेल्या मोकळ्या खोलीत उडवा.

१. शेपटी आपल्याकडे ठेवा. जमिनीलगत ते पंख्याच्या वाऱ्यानं डगमगतं, म्हणून उचललं की छातीएवढ्या उंचीवर न्या.
२. वीस आकडे मोजेपर्यंत एका जागी धरा. स्टिक हळू हलवा, लगेच मध्ये आणा.
३. जमलं की पुढे न्या, मागे आणा.
४. तोंड आपल्याकडे करायचं ते सगळ्यात शेवटी.

एक फरक लक्षात ठेवा. फवारणीचा ड्रोन दोन्ही स्टिक मध्ये सोडल्या की उपग्रहाच्या मदतीनं जागेवर थांबतो. खेळण्यातलं हेलिकॉप्टर थांबत नाही, सरकत राहतं. म्हणूनच त्यावर शिकलेला हात पक्का होतो.

शेतात जाण्याआधी

- वारा पाठीमागून येईल असं उभं राहा, म्हणजे औषध अंगावर येत नाही. पदर खोचा, केस बांधा.
- विजेच्या तारा, झाडं, पोरं, जनावरं बघा.
- फुगलेली बॅटरी वापरू नका. चार्जिंगला लावून घर सोडू नका.
- पंखे पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जाऊ नका.
- कायद्यानं परवानगी असलेल्या भागातही ४०० फुटांच्या वर उडवायचं नाही. फवारणी तर पिकाच्या थोडी वरूनच होते.

पुढच्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं 'ड्रोन ताई'चा सराव घ्या. ज्या दहावी झालेल्या नाहीत त्यांनीही खेळा. बॅटरी बदलणं, पाणी-औषध मोजणं, हिशेब ठेवणं आणि 'तार आहे, थांब!' असं वेळेवर सांगणं, ही कामं पायलटच्या बरोबरीची आहेत.